लिमिट स्विच घेताना लिव्हर नव्हे, आतला कॉन्टॅक्ट बघा

प्रश्न असा आहे: "आमच्या फॅब्रिकेशन शॉपमध्ये ५ टनी वायर रोप हॉइस्ट आहे. त्याचा वरचा लिमिट स्विच कधी लागतो, कधी लागत नाही. काढून मीटर लावला की बझर व्यवस्थित वाजतो. नवीन घ्यायला गेलो तर दुकानदार विचारतो, स्नॅप देऊ की स्लो, एक एनओ एक एनसी चालेल का, पॉझिटिव्ह ओपनिंग हवे का. बाहेरून तर सगळे एकसारखे दिसतात. फरक काय आणि मी कोणता घेऊ? पुढच्या महिन्यात जुने पॅनल काढून पीएलसी बसवणार आहोत, त्याने काही बदलते का?"

वरचा लिमिट, म्हणजे हुक फार वर गेला की हॉइस्ट थांबवणारा स्विच, कधी लागतो आणि कधी लागत नाही, म्हणजे हॉइस्टला वरचा लिमिट नाही असे धरा आणि दुरुस्ती होईपर्यंत हॉइस्ट बंद ठेवा. हुक ब्लॉक वर जाऊन ड्रमच्या फ्रेमला भिडला तरी मोटर ओढतच राहते. ओव्हरलोड रिले ट्रिप व्हायला काही सेकंद लागतात आणि रोप तुटायला तेवढा वेळ पुरतो. हुकाला लोड नसला तरी नुसता हुक ब्लॉक डोक्यावर पडून माणूस जाऊ शकतो. हे आधी सांगणे भाग होते, आता तुमच्या प्रश्नाकडे येतो. एनओ म्हणजे एरवी उघडा आणि स्विच दाबल्यावर जुळणारा कॉन्टॅक्ट, एनसी म्हणजे एरवी जुळलेला आणि दाबल्यावर सुटणारा; पीएलसी म्हणजे प्रोग्रामवर चालणारा कंट्रोलर.

बझर वाजतो याचा अर्थ कॉन्टॅक्ट जुळतो, इतकाच. वरच्या लिमिटचे काम मात्र वेळेवर सुटणे हे आहे, आणि तेही कॉन्टॅक्टरच्या (मोटरला वीज देणाऱ्या, कॉइलने चालणाऱ्या मोठ्या स्विचच्या) कॉइलचा करंट तोडत सुटणे. स्विच टेबलावर घेऊन अंगठ्याने लिव्हर दाबून बघितला, तर त्याबद्दल काहीच कळत नाही, कारण अंगठा लिव्हर पूर्ण दाबतो आणि हॉइस्टवरचा डॉग (लिव्हरला ढकलणारा तुकडा) कदाचित तेवढा दाबत नसतो. म्हणून स्विच जागेवरच ठेवून बघा. हॉइस्टचा मेन बंद करून, लॉक लावून, लिव्हर डॉग जिथपर्यंत ढकलतो तिथपर्यंतच ढकला आणि कॉन्टॅक्ट सुटतो का ते पाहा. बऱ्याचदा लिव्हर शाफ्टवर थोडा फिरलेला सापडतो. लिव्हरचा क्लॅम्प स्क्रू ढिला असतो, डॉग रोज त्याला किंचित मागे सारतो आणि एक दिवस ढकल अपुरी पडते.

तिथे सगळे ठीक असेल तर कॉन्टॅक्टर बघा. लिमिट सुटला, कॉइलचा सप्लाय गेला, तरी कॉन्टॅक्टर लगेच पडत नाही, म्हणजे सुटत नाही, असेही होते. मॅग्नेटच्या तोंडावर तेल-धुळीचा थर बसला की तो चिकटून राहतो, नाहीतर मुख्य कॉन्टॅक्ट वेल्ड झालेला असतो. तिसरी गोष्ट ब्रेक. लायनिंग झिजली की लिमिट वेळेवर लागूनही हुक वीतभर पुढे जातो आणि लोक स्विचला दोष देतात. या तिन्हींपैकी दोन कारणांत नवीन स्विच आणून काडीचाही उपयोग होत नाही.

आता स्विच आतून कसा चालतो ते. बाहेरून दिसतो तो हेड: रोलर लिव्हर, लांबी कमी-जास्त करता येणारी रॉड, साधा प्लंजर, रोलर प्लंजर, स्प्रिंगची लवचीक काडी. हेडचे काम मशीनची हालचाल पकडून एका छोट्या दांड्याला खाली दाबणे. मधे बॉडी, जी बहुतेक ठरावीक मापाची असते. मोठ्या धातूच्या बॉडीचे माप ईएन ५००४१ या युरोपीय मानकानुसार, बसवायची भोके ३० बाय ६० मिलिमीटर. लहान बॉडीचे ईएन ५००४७ नुसार, भोके २० बाय २२. त्यामुळे एका कंपनीचा स्विच काढून दुसऱ्या कंपनीचा त्याच भोकांत बसतो. ही सोय चांगली आहे, पण फसगतही इथेच होते. भोके जुळली म्हणून स्विच तोच, असे समजून लोक बदलतात आणि आतला कॉन्टॅक्ट ब्लॉक वेगळ्याच जातीचा निघतो.

कॉन्टॅक्ट ब्लॉक हा बोटाच्या पेराएवढा तुकडा. झाकण उघडून पाहिले तर चांदीच्या मिश्रधातूच्या चार स्थिर टिकल्या आणि त्यांच्या मधे हलणाऱ्या पट्ट्या दिसतात. पट्टीच्या दोन्ही टोकांना टिकल्या असतात, त्यामुळे सर्किट एकाच वेळी दोन जागी तुटते. याला डबल ब्रेक म्हणतात. ठिणगी दोन ठिकाणी वाटली जाते आणि लवकर विझते. छोट्या मायक्रोस्विचमध्ये बहुधा सिंगल ब्रेक असतो: कॉमन, एनओ, एनसी अशी तीन टर्मिनल आणि एकच लवणारी पात.

दांडा दाबत गेले की क्रमाने काय होते ते लक्षात ठेवा, कारण कॅटलॉगमधला आलेख हेच दाखवतो. सुरुवातीचा काही प्रवास रिकामा जातो, तो प्रीट्रॅव्हल. मग कॉन्टॅक्ट बदलतो तो ऑपरेटिंग पॉइंट. त्यापुढे दांडा अजून जितका दाबता येतो तो ओव्हरट्रॅव्हल. परत येताना कॉन्टॅक्ट पूर्वस्थितीला येतो तो रीसेट पॉइंट, आणि तो ऑपरेटिंग पॉइंटच्या थोडा अलीकडे असतो. या दोघांमधले अंतर म्हणजे डिफरन्शियल.

स्नॅप ॲक्शनमध्ये दांडा पट्टीला थेट ढकलत नाही. तो एका स्प्रिंगचे टोक सरकवतो. स्प्रिंग मध्यरेषा ओलांडेपर्यंत पट्टी जागची हलत नाही आणि ओलांडली की फट्‌दिशी पलीकडे पडते. घरातल्या लाइटच्या खटक्यात हेच होते: बटण कितीही हळू दाबा, एका क्षणी ते स्वतःच पडते. म्हणून डॉग अगदी सरपटत आला तरी कॉन्टॅक्ट झटक्यात तुटतो, ठिणगी रेंगाळत नाही. एनसी सुटणे आणि एनओ जुळणे जवळजवळ एकाच वेळी होते. १९३२ मध्ये अमेरिकेतल्या फ्रीपोर्ट गावी फिलिप मॅकगॉल यांनी मायक्रोस्विच बनवला, त्याचा गाभा हीच उलटणारी स्प्रिंग.

स्नॅपचा एक दोष मात्र फार कमी जण सांगतात. स्प्रिंग मध्यरेषेजवळ येत जाते तसा एनसी कॉन्टॅक्टवरचा दाब कमी कमी होत जातो आणि उलटण्याच्या अगदी आधी तो शून्यावर येतो. डॉग नेमका तिथेच थांबला तर कॉन्टॅक्ट जुळलेलाही नसतो आणि सुटलेलाही नसतो. शेजारी ग्राइंडर चालला, क्रेन गर्डरवरून खडखडत गेली, की तो थरथरतो, कॉन्टॅक्टर खडखड वाजतो आणि चांदीच्या टिकल्या जळू लागतात. तुमच्यासारख्या "कधी लागतो, कधी नाही" तक्रारींत बऱ्याच वेळा हेच सापडते. डॉगने स्विच अर्धवट दाबलेला ठेवायचा नाही. एकतर पूर्ण मोकळा, नाहीतर ओव्हरट्रॅव्हलमध्ये बऱ्यापैकी आत. तिथेही शेवटच्या टोकापर्यंत चेपायचा नाही, थोडी जागा शिल्लक ठेवायची. स्विचला स्टॉपरसारखे वापरले की हेड फुटते.

स्लो ॲक्शनमध्ये दांडा पट्टीला थेट ढकलतो. दांडा जितक्या वेगाने जातो तितक्याच वेगाने कॉन्टॅक्ट सुटतो. यात डिफरन्शियल जवळजवळ नसतो, जिथे सुटतो तिथेच परत जुळतो. शिवाय एनसी आणि एनओ यांचा क्रम बनवणाऱ्याला हवा तसा ठेवता येतो. सर्वसाधारण ब्लॉकमध्ये आधी एनसी सुटतो, मग थोड्या प्रवासाने एनओ जुळतो. मधल्या पट्ट्यात दोन्ही उघडे. ओव्हरलॅप ब्लॉकमध्ये उलटे: एनओ आधी जुळतो, एनसी नंतर सुटतो, मधे काही काळ दोन्ही जुळलेले. ओव्हरलॅपचा उपयोग मशीन थांबण्याच्या आधी दुसऱ्या सर्किटला सूचना द्यायला होतो. पण नकळत ओव्हरलॅप ब्लॉक बसला आणि सर्किट दोन्ही एकदम जुळण्यासाठी काढलेले नसेल, तर दोन सोलेनॉइड एकाच वेळी ऊर्जित होतात आणि व्हॉल्व्ह अडकतो. एसी सोलेनॉइड असेल तर कॉइल जळतेच.

स्लो ॲक्शनला हळू चाल सोसत नाही. डॉग मिनिटाला काही मिलिमीटर सरकत असेल तर कॉन्टॅक्टमधले अंतर केसाएवढे असतानाच ठिणगी पेटते आणि पेटलेली राहते. अशा जागी स्नॅपच. हॉइस्टचा हुक वेगाने येतो, तिथे दोन्ही चालतात. दरवाजाच्या गार्डला, जिथे माणूस हाताने झटकन दार उघडतो, मी स्लो ॲक्शनच पसंत करतो.

आता पॉझिटिव्ह ओपनिंग, जे दुकानदाराने विचारले आणि तुमच्या कामात सगळ्यांत महत्त्वाचे तेच आहे. स्नॅपच्या साध्या ब्लॉकमध्ये एनसी सुटतो तो स्प्रिंगच्या जोरावर. शॉर्टसर्किटच्या एखाद्या झटक्याने चांदीच्या टिकल्या एकमेकींना वेल्ड झाल्या, तर ती कोवळी स्प्रिंग त्यांना सोडवू शकत नाही. लिव्हर पूर्ण वळतो, दांडा खाली जातो, बाहेरून सगळे बरोबर दिसते आणि आत कॉन्टॅक्ट जुळलेलाच राहतो. स्प्रिंग तुटली तरी तेच. पॉझिटिव्ह ओपनिंगच्या ब्लॉकमध्ये दांड्याला एक कडक खांदा असतो. स्प्रिंगने काम केले नाही तर तो खांदा पट्टीवर येऊन मशीनच्या ताकदीने तिला ढकलतो आणि वेल्ड फोडून कॉन्टॅक्ट उघडतो. यासाठी आयईसी ६०९४७-५-१ या मानकाच्या परिशिष्ट के मध्ये चाचण्या दिल्या आहेत आणि त्या पार केलेल्या स्विचवर वर्तुळातल्या बाणाचे चिन्ह असते. आपल्याकडे हेच मानक आयएस/आयईसी ६०९४७-५-१ म्हणून स्वीकारलेले आहे. खरेदी करताना खोक्यावर नाही, स्विचच्या अंगावर ते चिन्ह शोधा.

चिन्ह असले म्हणून काम झाले असे मात्र नाही. ऑपरेटिंग पॉइंट वेगळा आणि पॉझिटिव्ह ओपनिंगचा पॉइंट वेगळा. दुसरा बराच पुढे असतो. कॅटलॉगच्या आलेखात तो वेगळा दाखवलेला असतो, आणि त्यासाठी लागणारे किमान बळही लिहिलेले असते. डॉगने लिव्हर त्या पॉइंटच्या पलीकडे नेला नाही तर महागडा स्विच आणि साधा स्विच यांत फरक उरत नाही. बसवल्यावर लिव्हर किती अंश वळतो ते मोजून आलेखाशी ताडून बघा. हे काम दहा मिनिटांचे आहे आणि जवळजवळ कुणीच करत नाही. लवचीक काडीचे हेड असेल तर पॉझिटिव्ह ओपनिंग मिळतच नाही, कारण काडीच वाकते आणि जोर आत पोचत नाही. लिव्हर शाफ्टवर नुसत्या घट्ट आवळणीवर न टिकता दात्यांनी किंवा कीने बसणारा घ्या. आणि हे सगळे फक्त एनसीला लागू आहे. एनओला पॉझिटिव्ह ओपनिंग नसते.

यातूनच एनओ लावू की एनसी याचे उत्तर निघते. थांबवण्याचे काम नेहमी एनसीने. वायर तुटली, टर्मिनल ढिले झाले, स्विचच कुणी काढून नेला, तरी सर्किट उघडते आणि हॉइस्ट वर जात नाही. एनओ लावून पॅनलमध्ये रिलेने उलटवले तरी कागदावर सर्किट चालते, पण वायर तुटली की लिमिट गेला आणि त्याचा पत्ता हुक भिडल्यावर लागतो. एनओचा उपयोग दिवा लावायला, पीएलसीला कळवायला, पुढची क्रिया सुरू करायला.

टर्मिनलवरचे आकडे वाचायला शिकून घ्या, म्हणजे स्विच उघडताच कळते. शेवटचा आकडा १ आणि २ असेल तर तो एनसी, ३ आणि ४ असेल तर एनओ. आधीचा आकडा कॉन्टॅक्टचा क्रमांक. म्हणजे १३-१४ हा एनओ आणि २१-२२ हा एनसी, एक एनओ एक एनसी स्विचची ही सर्रास दिसणारी जोडी. ११-१२ आणि २१-२२ असेल तर दोन्ही एनसी. ११, १२, १४ अशी तीनच टर्मिनल असतील तर तो कॉमनवाला चेंजओव्हर. चार टर्मिनलच्या स्विचवर झेडए किंवा झेडबी असे लिहिलेले असते. झेडएमध्ये दोन्ही कॉन्टॅक्ट एकाच पट्टीवर असतात, म्हणून दोन्हीकडे एकाच पोलॅरिटीचा सप्लाय हवा. एकीकडे फेज आणि दुसरीकडे न्यूट्रल दिलात तर आत शॉर्ट होऊ शकते. झेडबीमध्ये दोन पट्ट्या एकमेकींपासून इन्सुलेट केलेल्या असतात. तुम्हाला झेडबी हवा. त्यातही एका कॉन्टॅक्टवर ११० व्होल्ट एसी आणि दुसऱ्यावर २४ व्होल्ट डीसी असे मी कधी देत नाही. मानकात बसले तरी एका केबलमध्ये दोन सप्लाय आले की पुढचा वायरमन एक दिवस चुकतो.

रेटिंगची गंमत बघा, कारण पॅनल बदलताना ती उपयोगी पडेल. स्विचवर "१० अँपिअर" ठळक लिहिलेले असते. तो फक्त तापमानाचा आकडा आहे, कॉन्टॅक्ट जुळलेला असताना वाहू शकणारा करंट. तोडण्याची क्षमता वेगळी. सर्रास दिसणारा ए३०० आणि क्यू३०० शिक्का घ्या: एसी-१५ वर, म्हणजे एसी कॉन्टॅक्टरच्या कॉइलसारख्या लोडवर, २४० व्होल्टला ३ अँपिअर; डीसी-१३ वर, म्हणजे डीसी कॉइलवर, २५० व्होल्टला फक्त ०.२७ अँपिअर. तोच कॉन्टॅक्ट, तेच अंतर. ५० हर्ट्झच्या एसीमध्ये करंट सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो आणि तिथे ठिणगी विझते. डीसीला ती संधी मिळत नाही, कॉइलमध्ये साठलेली ऊर्जा ठिणगी ताणत राहते. म्हणून २४ व्होल्ट डीसीच्या कॉइलवर उलटा डायोड लावतात. डायोड लावला की कॉइल किंचित उशिरा सुटते, हे हॉइस्टच्या ब्रेकबाबत विसरू नका. तिथे व्हॅरिस्टर (जादा व्होल्टेज शोषून घेणारा भाग) बरा.

पीएलसीवर प्रश्न उलटा होतो. ११० व्होल्टच्या कंट्रोलवर लहान कॉन्टॅक्टरची कॉइल ओढून घेताना साधारण ७० व्हीए घेते, म्हणजे क्षणभर ०.६ अँपिअरच्या वर. तेवढा करंट आणि व्होल्टेज कॉन्टॅक्टवरचा मळ जाळून साफ ठेवतो. पीएलसीच्या २४ व्होल्टच्या इनपुटमधून जेमतेम ५ ते ७ मिलिअँपिअर वाहतात. एवढ्याशा करंटने चांदीवरचा काळा थर फुटत नाही. चांदी हवेतल्या गंधकाने काळी पडते. लोटे-परशुरामसारख्या रासायनिक वसाहतीत किंवा साखर कारखान्यात हा त्रास लवकर होतो, कोल्हापूरकडच्या फाउंड्रीत त्यात वाळूची बारीक धूळ भर घालते. मग वर्षानुवर्षे कॉइलवर बिनतक्रार चाललेला स्विच पीएलसीला जोडला की महिन्याभरात इनपुट लुकलुकायला लागतो. पीएलसीच्या इनपुटला सोन्याचा मुलामा दिलेले कॉन्टॅक्ट मागा, आणि एकदा का ते कॉइलवर वापरले की मुलामा जळतो, म्हणून असा स्विच मोठ्या लोडवरून काढून परत पीएलसीवर लावू नका.

हा मळ बझरने सापडत नाही. सर्किट चालू ठेवून जुळलेल्या कॉन्टॅक्टच्या दोन टर्मिनलवर डीसी व्होल्ट मोजा. चांगल्या कॉन्टॅक्टवर मीटर जवळजवळ शून्य दाखवतो. तिथे दोन-चार व्होल्ट दिसले आणि लिव्हर हलवल्यावर ते बदलू लागले, तर कॉन्टॅक्ट गेला. अशा टिकल्या काचपेपरने घासू नका. वरचा थर खरवडला जातो, खोबणी पडतात आणि धूळ बसायला जागा होते. ब्लॉक बदला, बऱ्याच मोठ्या स्विचमध्ये तो वेगळा मिळतो.

पीएलसी बसवताना वरच्या लिमिटचा एनसी कॉइलच्या सर्किटमध्ये आत्तासारखाच वायरने ठेवा आणि पीएलसीला एनओ कळवू दे, गरज पडली तर मधे रिले घालून. नुसते प्रोग्रामच्या भरवशावर हॉइस्ट थांबवायचा नाही. दोन्ही कॉन्टॅक्टची स्थिती पीएलसीला कळवली तर तपासणी फुकट मिळते: दोन्ही एकाच वेळी जुळलेले किंवा दोन्ही उघडे दिसले आणि अर्ध्या सेकंदात बदलले नाहीत, तर फॉल्ट. स्लो ॲक्शन असेल तर मधल्या पट्ट्याचा वेळ धरून ही मुदत ठरवा. कॉन्टॅक्ट जुळताना काही मिलिसेकंद उसळतो, पण साध्या इनपुटचा फिल्टर ते गिळतो. फक्त हायस्पीड काउंटरच्या इनपुटवर यांत्रिक कॉन्टॅक्ट देऊ नका.

दोन गोष्टी सर्किटच्या बघा, कारण त्या चुकल्या तर जगातला सर्वोत्तम स्विचही हॉइस्ट थांबवणार नाही. पहिली अर्थिंगची. कंट्रोल ट्रान्सफॉर्मरच्या सेकंडरीचे एक टोक अर्थ केलेले असावे, कॉइलचे एक टोक थेट त्या बाजूला आणि लिमिटसह सगळे कॉन्टॅक्ट दुसऱ्या बाजूला. मग केबल कुठे बॉडीला लागली तर फ्यूज उडतो. लिमिट अर्थच्या बाजूला घातला असेल तर केबल बॉडीला लागताच लिमिट बायपास होतो आणि कुणाला कळतही नाही.

दुसरी फेज उलटण्याची. तुमचा लिमिट "अप" कॉन्टॅक्टरच्या कॉइलमध्ये आहे, म्हणजे लिमिट लागल्यावरही "डाउन" चालतो, ते बरोबरच आहे. पण मोटर रिवाइंड होऊन आली किंवा शॉपचा सप्लाय बदलला आणि दोन फेज अदलाबदल झाल्या, तर "डाउन" दाबल्यावर हुक वर जातो आणि त्या कॉन्टॅक्टरमध्ये वरचा लिमिट नसतोच. स्विच चांगला, वायरिंग चांगले आणि हुक ड्रममध्ये. यासाठी दुसरा, शेवटचा लिमिट हवा: आपल्याकडे बहुतेक ठिकाणी तो ग्रॅव्हिटी लिमिट असतो, रोपभोवती लोंबणारे वजन हुक ब्लॉकने उचलले की तो पडतो. तो मेन कॉन्टॅक्टर पाडतो किंवा मोटरच्या फेजच थेट तोडतो. फेज तोडणारा असेल तर वेल्ड झालेल्या कॉन्टॅक्टरवरही इलाज होतो. फेजचा क्रम उलटला की सर्किट तोडणारा फेज सिक्वेन्स रिले लावा, तो स्वस्त आहे. पुढे व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारी ड्राइव्ह) घातलीत तर सप्लायकडे फेज उलटल्याने दिशा बदलत नाही, मोटरकडच्या वायर उलटल्या तरच बदलते. तरीही शेवटचा लिमिट काढायचा नाही.

बसवण्याबद्दल थोडे. डॉगचा उतार ३० अंशांच्या आसपास ठेवा, ४५ च्या वर नको, नाहीतर रोलर चढण्याऐवजी लिव्हर आपटतो. डॉगच्या दोन्ही बाजूंना उतार द्या म्हणजे परत येताना लिव्हर सटकन सुटून उसळत नाही. डॉग पुरेसा लांब हवा: ब्रेक लागून हुक थांबेपर्यंत लिव्हर दाबलेलाच राहिला पाहिजे. आखूड डॉग ओलांडून हुक पुढे गेला, लिव्हर परत आला, की एनसी जुळतो आणि पेंडंटचे (हॉइस्टच्या लोंबत्या बटणपेटीचे) बटण दाबलेले असेल तर हॉइस्ट पुन्हा वर निघतो. स्विच उघड्यावर असेल तर केबलची एंट्री खाली ठेवा, ग्लँडच्या (केबल आवळून धरणाऱ्या तोंडाच्या) आधी केबलला खाली झोळ द्या म्हणजे पाणी तिथून ठिबकते, आणि न वापरलेले भोक प्लगने बंद करा. आयपी ६७ (धूळ-पाणी आत न शिरण्याचा दर्जा) चा स्विच पावसाळ्यात बुडतो तो बहुधा ढिल्या ग्लँडमुळे.

तर तुमच्यासाठी: ईएन ५००४१ मापाची धातूची बॉडी, दाते असलेल्या शाफ्टवर रोलर लिव्हर, झेडबी ब्लॉक, एक एनओ एक एनसी, स्नॅप ॲक्शन, वर्तुळातल्या बाणाचे चिन्ह, आयपी ६५ किंवा वर. एनसी "अप" कॉइलमध्ये. नवीन पॅनलमध्ये एनओला पीएलसी इनपुट द्यायचा असेल तर सोन्याच्या मुलाम्याचा ब्लॉक घेऊ नका, कारण त्यातल्या एनसीला कॉइल तोडायची आहे. चांदीचाच ठेवा आणि एनओवर इंटरपोझिंग (एनओ आणि पीएलसीच्या मधला) रिले घाला. ग्रॅव्हिटी लिमिट नसेल तर या खर्चातच तो बसवून घ्या.

बसवल्यावर रिकाम्या हुकाने, सगळी माणसे बाजूला करून, आधी बटण टिचक्या देत वर न्या आणि लिमिट लागतो ते बघा. मग पूर्ण वेगाने. हुक थांबल्यावर ड्रमपर्यंत किती अंतर उरले ते मोजून गर्डरवर रंगाने खूण करा. मग वरचा लिमिट तात्पुरता बायपास करून, टिचक्या देतच, ग्रॅव्हिटी लिमिट तपासा आणि बायपासची वायर लगेच काढून खिशात घाला. रोज पहिल्या शिफ्टला ऑपरेटरने रिकामा हुक एकदा लिमिटपर्यंत न्यावा. थांबण्याची जागा खुणेच्या वर सरकू लागली की ब्रेक आणि लिव्हर दोन्ही बघायची वेळ झाली.